समान काहीही नाही

दोन याद्या आहेत, दोन्ही चढत्या क्रमाने लावलेल्या. दोन्हींत सामाईक अशी एकतरी नोंद आहे का, एवढंच सांगायचं. किती आहेत, कुठल्या आहेत हे कुणी विचारलेलं नाही. उत्तर हो किंवा नाही. कॉलेजच्या परीक्षेत असल्या प्रश्नाला पाच मार्क असतात, आणि नोकरीच्या मुलाखतीत तो सुरुवातीलाच विचारून मोकळे होतात. माझ्या नोकरीत मात्र तो कधी संपला नाही. भाषा बदलल्या, मशिनं बदलली, तरी तो येतच राहिला आणि दर वेळी घोळ झाला तो साधारण एकाच जागी.

पहिली गाठ पडली ती ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, मुंबईत. यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात मी सगळ्यांत नवी होते. प्रत्येक भागाला कोड असायचा. एखादा भाग बनवणं बंद झालं किंवा त्याचं डिझाइन बदललं की मुख्य कार्यालय तो कोड रद्द करायचं, आणि रद्द कोडांची टेप आमच्याकडे पाठवायचं. आमच्या गोदामाच्या चालू यादीत त्यातला एकही कोड राहिलेला नाही ना, हे बघायचं काम माझ्याकडे आलं. म्हणजे इथे उत्तर ‘नाही’ यावं हीच सगळ्यांची इच्छा. हे पुढे महत्त्वाचं ठरलं.

प्रोग्रॅम कोबॉलमध्ये. आमचे साहेब शिकवताना आधी कागद पुढे ओढायचे. कोडिंग शीटला हात लावायच्या आत दोन उभ्या ओळी लिहायला लावायचे आणि दोन पेन्सिली दोन्ही ओळींवर ठेवून चालायला सांगायचे. “अहो, टेप मागे जात नाही असं धरून चाला. वाचलेली नोंद गेली.” टेप गुंडाळून पुन्हा लावता यायची अर्थात, पण त्यात वेळ जायचा आणि ऑपरेटरचा चेहरा बघवत नसे. मेमरी इतकी तोकडी की अख्खी यादी आत घेण्याचा विचारही नको. तेव्हा दोन्ही फायली आधी क्रमाने लावून घ्यायच्या आणि एकदाच, पुढच्या पुढे वाचत जायचं.

रीत अशी. दोन्हींकडची पहिली नोंद वाचायची. कोड सारखे असतील तर काम झालं, थांबायचं. नसतील तर ज्या फायलीतला कोड लहान, तिचीच पुढची नोंद वाचायची. लहानच का सोडायचा? कारण समोरच्या फायलीत आता जे काही उरलं आहे ते सगळं तिथल्या मोठ्या कोडाइतकं किंवा त्याहूनही मोठं आहे. या लहानग्याला जोडीदार मिळण्याची आशा संपली. त्याला निर्धास्त सोडून द्यायचं. दोन्हींपैकी एक फाइल संपली की खेळ आटोपला. इकडे लाख आणि तिकडे लाख नोंदी असतील तर जास्तीत जास्त दोन लाख वाचनांत उत्तर. प्रत्येकीला प्रत्येकीशी ताडून बघायचं म्हटलं तर तुलनांची संख्या हजार कोटींवर जाते.

कोबॉलवाल्यांची यात एक युक्ती होती. फाइल संपली की तिच्या कोडाच्या जागी हाय-व्हॅल्यूज भरायचे, म्हणजे मशीनला माहीत असलेलं सगळ्यांत मोठं मूल्य. मग ती फाइल कायम ‘मोठी’ ठरते, दुसरी आपोआप शेवटपर्यंत वाचली जाते, आणि दोन्हींकडे हाय-व्हॅल्यूज आले की थांबायचं. जुन्या मास्टर फायलीत नवे व्यवहार मिसळायचे असतील तर ही युक्ती फार सोयीची. आमच्या हो-नाहीच्या प्रश्नाला तिची गरजच नव्हती, कारण एक फाइल संपल्यावर दुसरी वाचून काय करायचं? तरी सवयीने सगळे ती वापरायचे आणि प्रोग्रॅम उगीच पुढे रेंगाळायचा. सवयीने लिहिलेल्या कोडावर माझा राग आहे तो तेव्हापासूनचा.

प्रोग्रॅम चालला. महिनोन्‌महिने एकच अहवाल छापत राहिला: सामाईक कोड नाहीत. सगळे खूश. मग गोदामातल्या कारकुनाने एक दिवस रद्द झालेला भाग हातात घेऊनच आमचा विभाग गाठला. भाग फळीवर होता, चालू यादीत होता, रद्द यादीतही होता. आणि प्रोग्रॅम म्हणत होता, नाही.

मुख्य कार्यालयात मेनफ्रेम होता, आमच्याकडे युनिक्सवर चालणारं छोटं मशीन. मेनफ्रेमची अक्षरांची सांकेतिक पद्धत एबसिडिक, आमची आस्की. टेप आली की ऑपरेटर डीडी कमांडने तिचं आस्कीत रूपांतर करून द्यायचा, त्यामुळे अक्षरं बरोबर दिसायची. पण नोंदी ज्या क्रमाने टेपवर बसल्या होत्या तो क्रम मेनफ्रेमचाच राहायचा. एबसिडिकमध्ये आधी अक्षरं येतात आणि मग आकडे. आस्कीत नेमकं उलटं, आधी आकडे आणि मग अक्षरं. आमच्या कोडांत दोन्हींची सरमिसळ होती.

कागदावर करून बघा. मेनफ्रेमच्या यादीत के२० आणि त्यानंतर ७एम४. आमच्या यादीत ७एम४ आणि त्यानंतर आर१५. प्रोग्रॅम आमच्या मशीनवर चालतो, तेव्हा त्याच्या मते आकडा लहान. पहिली तुलना के२० आणि ७एम४ यांची. ७एम४ लहान ठरला, आमच्या यादीत पुढे सरका, आर१५ आला. आता के२० लहान, तिकडे पुढे सरका, ७एम४ आला. तो आर१५हून लहान, पुन्हा तिकडेच पुढे सरका, यादी संपली. उत्तर, नाही. ७एम४ दोन्हींकडे बसलेला आहे आणि त्याची स्वतःशी गाठ पडलीच नाही.

साहेबांनी कुणाला बोल लावला नाही. त्यांनी त्याच कागदावर पेन्सिलीने दोन ओळी लिहिल्या, त्या मला अजून आठवतात. पहिली: उत्तर ‘हो’ आलं तर ते खरंच आहे. दुसरी: उत्तर ‘नाही’ आलं तर क्रम तपासा. नीट पाहिलं तर हे अगदी खरं आहे. याद्या कितीही विस्कटलेल्या असोत, प्रोग्रॅम ‘हो’ म्हणतो तो दोन कोड समोरासमोर ठेवून, ते सारखे आहेत हे बघून. त्याच्या हातात पुरावा असतो. ‘नाही’पाशी असा पुरावा नसतो. वाटेत सोडून दिलेली प्रत्येक नोंद पुढे भेटणार नाही, या भरवशावरच ते उत्तर उभं असतं, आणि तो भरवसा येतो फक्त क्रमातून. क्रम गेला की प्रोग्रॅम कोसळत नाही, चूक दाखवत नाही, वेळेवर संपतो आणि नीटनेटका अहवाल छापतो. आणि आपल्याला हवं तेच उत्तर आलेलं असलं की त्यावर शंका घेणारा कुणी नसतो.

उपाय दोन होते. एक म्हणजे कोबॉललाच सांगायचं की तुलना अमुक क्रमाने कर. त्यासाठी प्रोग्रॅम कोलेटिंग सीक्वेन्स नावाचं कलम आहे. दुसरा जास्त बाळबोध, पण तोच आम्ही घेतला: आलेली टेप आपल्या मशीनवर पुन्हा सॉर्ट करायची, आणि शिवाय वाचताना प्रत्येक फायलीचा मागचा कोड हाताशी ठेवायचा. नवा कोड मागच्यापेक्षा लहान निघाला की प्रोग्रॅम तिथेच थांबवायचा. नोंदीमागे एक जादा तुलना, बस. युनिक्सवर दोन सॉर्ट केलेल्या फायली ताडून बघणारी कॉम नावाची कमांड आहे. तिची ग्नू आवृत्ती आज हेच करते आणि फाइल क्रमात नाही म्हणून कुरकुरते. ही कुरकुर बंद करण्याचा पर्यायही तिच्यात आहे. तो वापरणारी माणसं मी पाहिली आहेत.

पुढे एबसिडिकशी संबंध सुटला, पण भूत गेलं नाही. एका मशीनवर लोकॅल अमेरिकन इंग्रजीचं, तिथे सॉर्ट करताना कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं शेजारीशेजारी बसतात. दुसऱ्यावर नुसतं सी, तिथे सगळी कॅपिटल आधी. डेटाबेस कॅपिटल-स्मॉल भेद न करता क्रम लावून देतो आणि त्या यादीवर चालणारा प्रोग्रॅम बाइटला बाइट ताडतो. दोन्ही याद्या ‘सॉर्टेड’ असतात, दोघेही खरं बोलत असतात, आणि निकाल चुकतो. नव्या मुलांना मी एक प्रश्न विचारायला शिकवलं. यादी सॉर्ट केली आहे का, हे विचारू नका. ती कुणी आणि कुठल्या नियमाने सॉर्ट केली, ते विचारा.

सी प्लस प्लसमध्ये आले तेव्हा वाटलं, आता हे हाताने लिहायचं कारण नाही. अलेक्झांडर स्टेपानोव्ह आणि मेंग ली यांची टेम्प्लेट लायब्ररी १९९४ मध्ये त्या भाषेच्या मानकाच्या मसुद्यात घेतली गेली, आणि तिच्यात सेट इंटरसेक्शन नावाचं फंक्शन तयारच होतं. आतली चाल तीच, दोन पेन्सिलींची. पण ते सगळे सामाईक घटक गोळा करून एका जागी ठेवतं. लोक ते चालवून मग बघायचे, जागा रिकामी आहे का. पहिल्याच घटकावर उत्तर मिळालं असतं तिथे लाखो घटक उतरवून घेतले जायचे. मी सात-आठ ओळींचं स्वतःचं लूप लिहायची, पहिल्या जोडीला थांबणारं. त्यावर ‘मॅडम चाक पुन्हा शोधतायत’ अशी टीका झाली. होऊ दे. जावाच्या लायब्ररीत डिसजॉइंट आणि पायथनच्या सेटमध्ये इजडिसजॉइंट आहे, दोन्ही पहिली जोडी सापडताच थांबतात. सी प्लस प्लसमध्ये असं तयार काही नव्हतं, म्हणून लिहिलं.

त्या फंक्शनमधली एक खोच मात्र मला फार आवडते. ते ‘बरोबर आहे का’ असं कधी विचारतच नाही. फक्त ‘लहान आहे का’ असं दोनदा विचारतं, एकदा इकडून आणि एकदा तिकडून. दोन्हीकडून नकार आला तर दोघे समान. एकदा एका मुलाने तुलनेचं स्वतःचं फंक्शन लिहिलं आणि त्यात ‘लहान’च्या ऐवजी ‘लहान किंवा समान’ असं चिन्ह टाकलं. सॉर्टिंग ठीकठाक झालं. इंटरसेक्शन दर वेळी रिकामं. स्वतःची यादी स्वतःशीच ताडली तरी रिकामं! बिचारा अर्धा दिवस डेटा तपासत बसला होता. समान घटक समोर आले की पहिलाच प्रश्न ‘लहान किंवा समान आहे का’, उत्तर हो, म्हणून पुढे सरका. दोन्हीकडून नकार येणं शक्यच नाही, म्हणून सामाईक असं काही सापडणंही शक्य नाही. इथेही ‘नाही’च, आणि इथेही आवाज न करता.

“पण मॅडम, सरळ हॅश सेट करा ना. सॉर्टची भानगडच नको.” हे मी अनेकांकडून ऐकलं, आणि ते म्हणणं पुष्कळदा बरोबर असतं. याद्या मुळात क्रमात नसतील तर निव्वळ या प्रश्नासाठी त्या सॉर्ट करण्यात अर्थ नाही. लहान यादीचा हॅश सेट करावा, मोठी तिच्यावरून फिरवावी. पण याद्या आधीच क्रमात असतील, आणि डेटाबेसच्या इंडेक्समधून किंवा लॉगच्या फायलींतून येणाऱ्या याद्या बहुधा असतातच, तर दोन पेन्सिलींच्या चालीला जादा मेमरी जवळजवळ लागत नाही आणि वाचन सलग होतं.

दोन्ही याद्या साधारण सारख्या लांबीच्या असतील तरच ती चाल शोभते, हे पुढे कळलं. एकीकडे पाचशे नोंदी आणि दुसरीकडे एक कोटी, तर पाचशेंसाठी कोटीभर पावलं का टाकायची? पाचशेंपैकी प्रत्येकीला मोठ्या यादीत द्विभाजनाने शोधलं तर एका शोधाला सुमारे चोवीस तुलना, म्हणजे सगळं मिळून बारा हजार. याहून चलाख रीत उड्यांची. जिथे उभे आहोत तिथून एक, मग दोन, चार, आठ अशा दुपटीने उड्या मारायच्या, पलीकडे गेलो की शेवटच्या उडीच्या टप्प्यात द्विभाजन करायचं, आणि पुढच्या नोंदीसाठी तिथूनच निघायचं. बेंटली आणि याओ यांनी १९७६ मध्ये या शोधावर निबंध लिहिला. पायथनच्या सॉर्टिंगसाठी टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये केलेल्या टिमसॉर्टमध्ये दोन क्रमवार तुकडे एकत्र करताना हीच घोडदौड आहे. सर्च इंजिनात दोन शब्द टाकले की आत हेच चालतं. प्रत्येक शब्दाला दस्तऐवजांच्या क्रमांकांची चढती यादी असते आणि दोन याद्यांतले सामाईक क्रमांक काढायचे असतात. तिथे यादीतच मध्ये मध्ये पुढे उडी मारायच्या खुणा पेरून ठेवतात.

सगळ्यांत स्वस्त तपासणी मात्र कुणी करत नाही. एका यादीची शेवटची नोंद दुसरीच्या पहिल्या नोंदीपेक्षा लहान असेल, तर सामाईक काही असूच शकत नाही. उलट बाजूनेही तेच. दोन तुलना, बाकी काही नाही. तारखेनुसार कापलेल्या फायलींवर या दोन ओळींनी मी तासांची कामं चुटकीसरशी झालेली पाहिली आहेत.

निवृत्तीनंतर हा प्रश्न मराठीत आला. आमच्या गावात दोन जुनी वाचनालयं. एकाची जागा मोडकळीला आलेली, म्हणून दोन्हींचा संग्रह एकत्र करायचा घाट घातला गेला. दोन्हींकडे कुठली पुस्तकं सामाईक आहेत हे आधी हवं होतं. एका वाचनालयाची यादी ग्रंथपाल बाईंनी वर्षानुवर्षं हाताने राखली होती आणि त्याच क्रमाने एका मुलीकडून टाइप करून घेतली होती. दुसऱ्याची यादी कॉम्प्युटरनेच क्रमाने लावलेली. मी आधी दोन्हींवर क्रमाची तपासणी चालवली. बाईंची यादी पानापानावर नापास.

बाई दुखावल्या. “ताई, माझा क्रम चुकलेला नाही. वर्णमाला बघा.” आणि तो चुकलेला नव्हताच. वर्णमालेत ळ येतो ह नंतर, आणि त्यामागून क्ष, ज्ञ. बाईंकडे कावळा, काहूर, काळोख असा क्रम. कॉम्प्युटरकडे काळोख, कावळा, काहूर. कारण युनिकोडमध्ये ळ बसला आहे ल आणि व यांच्या मध्ये. देवनागरीचा हा तक्ता इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतलेला. त्यात सगळ्या भारतीय लिप्यांची अक्षरं एकाच चौकटीत समांतर बसवली होती, आणि तिथे ळची खुर्ची लच्या शेजारी. क्षला तर स्वतःची खुर्चीच नाही, तो क, हलन्त आणि ष मिळून होतो, म्हणून ‘क्षितिज’ कच्या रांगेत जाऊन बसतं. मेनफ्रेमच्या टेपवर जे झालं होतं तेच. दोन्ही याद्या क्रमात, क्रम दोन.

सॉर्टिंग पुन्हा करून हा भाग सुटला. चालीपुरता क्रम सुंदर असायची गरज नाही, दोन्हींकडे एकच असला की झालं. वाचकांसाठी छापायची यादी नंतर वर्णमालेने लावता येते, आणि बाईंच्या समाधानासाठी ती तशीच लावली.

पण सामाईक पुस्तकांचा आकडा बाईंच्या अंदाजापेक्षा कमीच येत होता. त्या दोन रजिस्टरं शेजारी ठेवून बसल्या, एक बोट इकडे, एक बोट तिकडे. सुटलेली पुस्तकं त्यांनी भराभर दाखवली. त्यांतल्या पुष्कळांच्या नावांत ‘ऱ्हास’, ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’ असे शब्द. हा अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक तऱ्हा, नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त. दुसरी, साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारा जोडखुणेचा वर्ण. पडद्यावर दोन्ही हुबेहूब, मशीनच्या लेखी वेगळे शब्द. युनिकोडच्या नेहमीच्या शुद्धीकरणाने ऱची दोन रूपं, एकसंध आणि र अधिक नुक्ता, एक होतात. जोडखुणेचं रूप तसंच उरतं. ते हाताने बदलावं लागलं. इथे क्रमाचा दोष नव्हता, समान म्हणजे काय इथेच गाडी अडली होती, आणि हॅश सेट वापरला असता तरी ती तिथेच अडली असती.

साहेबांच्या दोन ओळींना इथे थोडी पुस्ती जोडावी लागली. ‘हो’ सुद्धा मी आता डोळे मिटून घेत नाही. ‘निवडक कथा’ या एकाच नावाची दोन पुस्तकं निघाली, लेखक वेगळे. म्हणून ताडण्यासाठी लेखक आणि पुस्तक दोन्ही एकत्र घेतले. मग एकाच पुस्तकाच्या दोन आवृत्त्या सामाईक ठरल्या, आणि बाई म्हणाल्या, पहिल्या आवृत्तीला लेखकाची लांबलचक प्रस्तावना आहे, दुसरीत ती गाळली आहे, ही एक कशी? विश्वस्तांच्या बैठकीत यावर बराच वेळ गेला. प्रस्तावनावाल्या प्रती ठेवायच्या असं ठरलं, आणि त्या ओळखण्यासाठी यादीत आवृत्तीचा रकाना वाढवला. तो रकाना भरायचं काम बाईंनी मागून घेतलं.